जस्तावरचा काळा रंग

गल्लीतले लोक त्याला कानस म्हणत, आणि हे नाव ठेवणाऱ्याने फार मोठा अन्याय केला असे त्याच्या पत्नीलाही कधी वाटले नाही. कानस लोखंड घासते. हा गृहस्थ लोखंडही घासत असे आणि समोर येईल त्या माणसालाही, आणि दोन्ही कामे सारख्याच निष्ठेने. कोणाच्या दाराचा, कुंपणाचा, गाडीचा ताजा रंग दृष्टीस पडला की उजव्या अंगठ्याचे नख तो त्यावरून ओढी. रंग टिकला तर एक अक्षर न बोलता पुढे जाई. निघाला तर मालकाला हाक मारून बाहेर बोलावी आणि निघालेली साल त्याच्या हातावर ठेवी. मुलीच्या सासरी तो पहिल्यांदा गेला तेव्हा त्याने बैठकीतल्या खुर्चीचा रंग असाच काढून दाखवला होता, आणि त्यानंतर व्याह्यांनी त्याला कायम चटईवर बसवले, असे त्याची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे.

तथापि रंगाच्या विषयात त्याचा शब्द प्रमाण मानला जाई, हेही तितकेच खरे. तारुण्यात तो बसगाड्यांच्या आगारात रंगकामाला होता. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने त्याला एकच दीक्षा दिली : आधी लोखंड उघडे कर. जुना रंग, गंज, तेल, हातांचा घाम, जे जे म्हणून लोखंडाच्या आणि रंगाच्या मध्ये येईल ते ते दूर कर. धातू स्वच्छ, चकचकीत, जणू नुकताच जन्मलेला दिसू लागला की मगच ब्रश बुचकळ. ही दीक्षा त्याने आयुष्यभर व्रतासारखी पाळली. त्याने रंगवलेल्या गाड्यांचे पत्रे कालांतराने चेपले, इंजिने भंगारात गेली, मालक वृद्ध झाले. पण रंग सुटला अशी तक्रार घेऊन त्याच्याकडे कोणी आले नव्हते. आले असते तरी नीट बोलता आले असते की नाही, ही शंकाच.

त्याची रंगकामाची जागा म्हणजे एका लांबट पत्र्याच्या शेडचा मागचा कोपरा. उत्तरेकडे एक खिडकी, त्यामुळे दिवसभर सारखा, सावलीविना उजेड. भिंतींवर वर्षानुवर्षांच्या फवाऱ्यांचे थर बसून त्या कासवाच्या पाठीसारख्या खडबडीत झालेल्या. शेडच्या दाराकडच्या भागात त्याचा धाकटा भाऊ वेल्डिंगचे आणि जोडकामाचे काम करी. दोघांच्या मध्ये रिकाम्या पिंपांची एक रांग होती, आणि त्या रांगेवरून गेली कित्येक वर्षे एकही सरळ वाक्य गेले नव्हते. वडिलांच्या हयातीत शेडवर कानसने स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती. वडील गेल्यावर धाकट्याने ती उतरवली आणि छापील पाटी लावली. रंगाऱ्याला न विचारता. तेव्हापासून दोघे हवेशी बोलत.

शेडचा भाडेकरार धाकट्याच्या नावावर होता, आणि धाकट्याला एक लेथ, लोखंड कातायचे यंत्र, बसवायचा होता. लेथला जागा एकच होती. उत्तरेच्या खिडकीखालची.

हे सगळे ज्या सकाळी टोकाला गेले, त्या सकाळी जस्ताच्या हौदावरून एक चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, परत आली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची ती जुनी, उंच, चारही चाकांना जोर असलेली गाडी. आयुष्यभर नदीच्या पात्रातून, शेणातून आणि मिठागरांच्या वाटेने फिरून तिचा सांगाडा कुजला होता. धाकट्याने कुजलेले भाग कापून नवे जोडले, आणि मग पूर्ण सांगाडा वितळलेल्या जस्ताच्या हौदात बुडवून आणवला. हेही रंगाऱ्याला न विचारता. साखळीला लटकलेली ती चासी चांदीच्या मासळीसारखी चमकत होती. कानस पिंपांपर्यंत आला, हात लांबवून त्याने नख ओढले. नख घसरले.

"आरसा आणलाय की सांगाडा?" तो छताला म्हणाला.

"कोणीतरी त्या कोपऱ्याला सांगा," धाकटा दाराकडे तोंड करून बोलला, "याला आता रंग लागत नाही म्हणावं. यापुढे सगळ्या चासी हौदातूनच येतील. ब्रश धुऊन ठेवा. लेथ येतोय."

"आणि कोणीतरी लेथवाल्याला सांगा, इथला माणूस अजून मेलेला नाही."

डॉक्टरीणबाई तेवढ्यात आत आल्या होत्या. उंच, सडसडीत, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. माणसांशी बोलतानाही आवाज असा की समोरच्याने मुकाट्याने पाय वर करावा. त्यांनी चासीभोवती एक फेरी मारली.

"काळा कुठाय?"

"बाई, जस्त आहे ते. गंजाची काळजीच मिटली," धाकटा म्हणाला. "रंग त्याच्यावर नीट धरत नाही. चंदेरीच राहू दे."

"माझी गाडी काळ्या सांगाड्याची होती. मला पाण्याच्या टाकीवर बसून फिरायचं नाहीये. काळा पाहिजे, आणि टिकणारा पाहिजे."

"टिकेल," कोपऱ्यातून आवाज आला.

"आणि नाही टिकला तर? विचारा कोणीतरी," धाकटा म्हणाला.

"तर लेथ आणा म्हणावं. मी माझे डबे उचलीन."

डॉक्टरीणबाईंनी एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिले. "तुम्ही दोघं सख्खे भाऊ ना? मग मला मधला टपाल्या का केलंय? पुढच्या आठवड्यात येते. रंग मी स्वतः तपासणार. माझ्या हातानं निघाला तर एकालाही सोडणार नाही."

अशा रीतीने त्या काळ्या रंगावर कानसचा कोपरा पणाला लागला.

चासी घेऊन आलेला हौदवाला ट्रकचे दोर गुंडाळत होता. मनुष्य साधा, जाता जाता भल्या बुद्धीने म्हणाला, "दादा, याला घासू नका हं. रंगाच्या आधी लावायचं एक पाणी असतं, आमच्याकडे मिळतं. ते लावलं की जस्त काळं पडतं, मग वरून—"

"तू डबक्यात बुडव," कानस म्हणाला. "बुडवायला अक्कल लागत नाही, म्हणून तुला ते काम दिलंय. मला माझं शिकवू नकोस."

हौदवाल्याचा चेहरा उतरला. ट्रकची फळी त्याने वाजेल अशी आपटली आणि तो निघून गेला.

कानसने चासी सोड्याच्या पाण्याने धुतली, पुसली, वाळवली आणि मागच्या अर्ध्या भागावर आपला नेहमीचा तेलाचा काळा रंग दिला. हात अजून तसाच होता : कोपऱ्यांत रंग साचला नाही, कडांवरून ओघळला नाही, ब्रशची एक रेघ उमटली नाही. संध्याकाळी पाहिले तर उत्तरेच्या उजेडात तो भाग डोहासारखा गंभीर दिसत होता.

रंग खडखडीत वाळला त्या सकाळी त्याने, आजवर दुसऱ्यांच्या रंगाची घेतली तशी, नखाची परीक्षा घेतली. नखापुढे रंग सायीसारखा गोळा झाला आणि त्याखाली चांदी जशीच्या तशी हसत होती. त्याने दुसरीकडे पाहिले, तिसरीकडे पाहिले. एके ठिकाणी तर चिमटीत धरून ओढताच हातभर लांब पट्टी निघाली, केळीच्या सोपटासारखी. त्याने ती मुठीत चुरगळून खिशात घातली आणि चासीवर ताडपत्री टाकली.

घरी बायकोने विचारले, "झाला का तुमचा काळा?"

"वाळतोय."

"मग जेवून घ्या. तुम्हीही वाळत चालला आहात."

त्याचे मन मात्र अन्नावर नव्हते. दोष कोणाचा हे त्याने ठरवून टाकले होते. रंगाचा नव्हे, हाताचा नव्हे. दोष त्या चंदेरी मुखवट्याचा. म्हाताऱ्या मिस्त्रीने सांगितलेच होते, लोखंडाच्या आणि रंगाच्या मध्ये काही राहता कामा नये. आणि इथे तर भावाने मुद्दाम एक अख्खा हौद मध्ये ओतून ठेवला होता. त्या मुखवट्याला लोखंडाचे कवच मानायला तो तयार नव्हता. त्याच्या लेखी ते भावाने त्याच्या वाटेत टाकलेली धोंड होती. ज्या तत्त्वाने त्याला जन्मभर तारले तेच आज त्याला खड्ड्याकडे नेत होते, आणि ते ओळखण्याइतके मन त्या क्षणी निर्मळ नव्हते. द्वेष डोळ्यांत गेला की जाणत्या माणसालाही धातू ओळखू येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने ग्राइंडर काढला आणि चासीच्या पुढच्या आडव्या बीमवर चालवला.

प्रथम काहीच झाले नाही. यंत्र घुमत होते, राखाडी भुकटी उडत होती. ठिणगी एकही नाही. जस्त घासताना ठिणगी उडत नाही. कानसने जोर वाढवला, बीमच्या कडेला टेकून अंगाचा भार टाकला, आणि मग एकाएकी त्या राखाडी ढगातून पिवळ्या ठिणग्यांचे पिसारेच्या पिसारे फुटले. लोखंड! जुन्या मित्राचा आवाज अंधारात ओळखावा तसा त्याला आनंद झाला. "सापडलास," तो पुटपुटला, आणि बीम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सोलत गेला.

त्या ठिणग्या पिंपांच्या पलीकडून धाकट्यालाही दिसल्या. ठिणग्यांचा अर्थ त्यालाही कळत होता. त्याने वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सारला, एक पिंप लाथेने आडवे केले आणि प्लग उपटून टाकला. ग्राइंडर कण्हत कण्हत थांबला.

"दादा, डोकं फिरलंय का तुझं?"

कितीतरी वर्षांनी आलेले ते पहिले सरळ वाक्य होते.

"प्लग लाव," कानस म्हणाला.

"जस्त सोललंस तू! सांगाड्याचं कवच काढून टाकलंस! ती बाई नदीतून गाडी घालते. पहिला गंज इथंच धरणार. कशाला केलंस? माझ्यावर सूड म्हणून?"

"रंग धरत नव्हता."

"धरत नव्हता?" धाकट्याने ताडपत्री ओढली. मागच्या भागावरचा काळा रंग जागोजाग फुगून सुटला होता. तो हसला, ते हसू बघणाऱ्याला त्याच्या रागापेक्षा वाईट वाटले असते. "वा! गावभर लोकांच्या रंगाच्या साली काढत हिंडतोस. ही कोणाच्या हातावर ठेवू?"

"तू मला विचारून हौदात घातली असतीस तर—"

"तुला विचारायचं? तुला विचारायला गेलं की माणूस सोलून निघतो! बाबांच्या वेळची पाटी उतरवली तेव्हा विचारणारच होतो. तिच्या पत्र्याला भोकं पडली होती रे, पाणी आत येत होतं. पण तुझ्याशी बोलायचं म्हणजे आधी अंगाला जस्त लावून यावं लागतं."

कानसने ग्राइंडर खाली ठेवला. मग म्हणाला, "भोकं मला दाखवायची होतीस. मी बुजवली असती."

"आता ही बुजव," धाकटा बीमकडे बोट करून म्हणाला. "आणि नीट ऐक. बाईला यातलं काही सांगायचं नाही. माझ्या शेडचं नाव आहे. वरून काहीतरी फास, काळं कर, त्यांना गाडी घेऊन जाऊ दे. मग डबे उचल आणि कोपरा मोकळा कर."

पिंप परत उभे न करताच तो निघून गेला.

जस्ताच्या हौदाचे आवार गावाबाहेर होते. तिथे जाणे म्हणजे काय, हे कानसला वाटेवर प्रत्येक पावलाला कळत होते. हौदवाल्याने त्याला दुरून पाहिले आणि पाठ फिरवली. हौदातून एक फाटक वर येत होते. वितळलेले जस्त त्यावरून थेंबाथेंबाने गळत होते, थंड होताना त्यावर बर्फासारखी फुले उमटत होती. कानस ते पाहत उभा राहिला. त्यात सौंदर्य आहे हे त्याला नाइलाजाने मान्य करावे लागले, आणि त्यामुळे त्याला अधिकच राग आला.

"डबक्याकडे कसं काय येणं केलंत?" बऱ्याच वेळाने हौदवाला म्हणाला.

"ते पाणी पाहिजे."

"कुठलं पाणी? आम्ही नुसते बुडवणारे. आम्हाला कुठं अक्कल?"

"काम बिघडलंय," कानस म्हणाला. क्षमा मागण्याचे शब्द त्याच्याजवळ होते की नाही कोण जाणे. बाहेर आले ते एवढेच. "तेलाचा रंग दिला होता. साल निघाली."

हौदवाला आता मात्र पूर्ण वळला. "नशीब समजा, लगेच निघाली. धरला असता तर वर्षभरात जस्तानं त्या तेलाचा आतल्या आत साबण केला असता. मग गाडी रस्त्यावर असताना सुटला असता." तो थांबला. "घासलंत का?"

"पुढचा बीम. लोखंडापर्यंत."

"अरे देवा." त्याने कपाळाला हात लावला. या बातमीने तो सुखावला हे लपवण्याची तसदी त्याने घेतली नाही. "पूर्ण सांगाडा परत बुडवायचा तर आधी आम्लात घालून जुनं जस्त उतरवायला लागेल. धाकटे होतील तयार?"

"नाही."

"मग बीमला जस्ताची पूड मिसळलेला रंग. पण तो उघड्या, स्वच्छ लोखंडावरच धरतो. जरा तेल राहिलं, जरा गंज राहिला, की संपलं. जमेल?"

कानसने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले की हौदवाला मुकाट्याने डबे आणायला आत गेला. बाहेर येऊन त्याने ते हातात न देता जमिनीवर ठेवले.

पुढचे काम प्रायश्चित्तासारखे होते. मागच्या भागावरचा सगळा तेलाचा रंग थिनरच्या फडक्याने आणि लाकडी पट्टीने उतरवायचा होता. पोलादी पात्याला हात लावायचा नव्हता, कारण आता खालचे जस्त दुखवायचे नव्हते. ज्या कातडीचा त्याने तिरस्कार केला होता तीच जपत त्याला कोपरा न् कोपरा पुसावा लागला. मग ते पाणी लावले. चांदी क्षणभर तशीच राहिली आणि पाहता पाहता ढग उतरावा तशी काळवंडली. जिथे काळवंडली नाही तिथे तेलाचा अंश शिल्लक आहे, ही त्या पाण्याची खूण. दोन-तीन ठिकाणी असे चंदेरी डाग राहिले. दुसऱ्या कोणाच्या कामात ते दिसले असते तर त्याने मालकाला बोलावले असते. इथे त्याने ते पुन्हा पुसले, पुन्हा पाणी लावले. सर्वत्र सारखा काळिमा आला तेव्हा स्वच्छ पाण्याने धुऊन, वाळवून त्यावर इपॉक्सीचा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचे अस्तर, दिला आणि वरून काळा.

बीमवर मात्र त्याचा जुना अधिकार होता. तिथे उघडे लोखंड होते आणि उघड्या लोखंडाची भाषा त्याला येत होती. पॉलिश पेपरने त्याने ते खरखरीत केले, पुसले, श्वासाची वाफही लागू नये म्हणून तोंडाला फडके बांधले, आणि जस्ताच्या पुडीचा तो जड, खाली बसणारा रंग पुन्हा पुन्हा ढवळत हात दिला, आणि तो वाळल्यावर वरून काळा. धाकटा मधूनमधून येऊन पाहून जाई.

"मढ्याला उटणं लावतोयस."

"तुझं वेल्डिंग दिसतंय इथं. ते झाकायला जास्त रंग लागतोय."

"तोंड बांधलंयस तरी सुटतंयच."

डॉक्टरीणबाई ठरल्याप्रमाणे आल्या. खिशातून त्यांनी जनावरांचे खूर तासायची वाकडी सुरी काढली आणि मागच्या दांड्यावर उभी-आडवी ओढली. रंगावर पांढुरकी रेघ उठली. साल निघाली नाही. त्यांनी चिकटपट्टी लावून जोरात उपटली. पट्टी कोरी निघाली. धाकट्याने श्वास सोडला. त्या पुढे आल्या, बीमवरही तेच केले. तिथेही काही निघाले नाही.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या.

"ठीक नाहीये," कानस म्हणाला.

"दादा!" धाकटा ओरडला.

"या बीमवरचं जस्त गेलंय. मी काढलं, ग्राइंडरनं. वर दुसरं दिलंय, चांगलं दिलंय, पण हौदातल्यासारखं ते नाही. दगड लागला, ओरखडा गेला, की पहिला गंज इथं येईल."

डॉक्टरीणबाईंनी सुरी मिटली नाही. "म्हणजे माझ्या गाडीचा सगळ्यात पुढचा, सगळ्यात आधी पाण्यात जाणारा भाग तुम्ही नासवलात."

"हो."

"आणि हे?" त्या धाकट्याकडे वळल्या. "तुम्ही मला सांगणार होतात की नव्हतात?"

धाकटा वाकून जमिनीवरची साखळी गोळा करू लागला. बाईंना तेवढे उत्तर पुरे होते.

"छान. एक खराब करतो, दुसरा झाकतो. मला वाटायचं जनावरं सांभाळणं अवघड असतं." त्यांनी कानसकडे सुरी रोखली. "तुम्ही. पावसाळा संपला की दर वर्षी ही गाडी इथं येणार. हा बीम तुम्ही तपासायचा, खरवडायचा, परत रंगवायचा, तुमच्या पदरचा रंग घालून. जोवर गाडी चालते तोवर."

"त्याचा कोपरा जातोय," धाकटा म्हणाला. "लेथ येतोय तिथं."

"मग हा बीम कापून टाका, नवा जोडा, आणि पूर्ण चासी पुन्हा बुडवून द्या. तुमच्या खर्चानं. किंवा या माणसाला इथं बसवून ठेवा. दोनातलं एक सांगा, मला एका म्हशीकडे जायचंय."

धाकट्याने खिडकीकडे पाहिले, चासीकडे पाहिले, भावाकडे मात्र पाहिले नाही.

"लेथ मागच्या बाजूला शेड वाढवून बसवीन," तो अखेर दातांतून म्हणाला. "पण थिनरचा वास माझ्याकडे आला तर बघ."

"वारा माझ्या बापाचा नाही," कानस म्हणाला.

"बाप एकच होता," धाकटा म्हणाला. "त्याचा एकही गुण उचलला नाहीस तू."

डॉक्टरीणबाई दोघांचे पुढचे बोलणे न ऐकता निघून गेल्या होत्या.

त्या संध्याकाळी बायकोने ताट वाढले आणि समोर बसली. बातमी तिला आधीच कळली होती. गल्लीला भिंती पातळ होत्या.

"राहिला ना कोपरा?"

"राहिला."

"मग तोंड का असं?"

त्याने हातातला घास ताटात परत ठेवला. "माझा रंग चांगला होता. दोन्हीकडे टिकला. तिनं सुरी घातली तरी टिकला." त्याचा आवाज नेहमीसारखा खरखरीत होता, पण त्यात आज कोणाला घासण्याचा जोर नव्हता. "कोपरा त्यामुळं राहिला नाही. मी जे बिघडवलं त्यामुळं राहिला."

"कशामुळं का होईना."

"तसं नसतं," तो म्हणाला. "उद्या सकाळी लवकर जाणार आहे. सांगाड्याच्या पोकळ दांड्यांत आतून मेणाचा फवारा मारायचा राहिलाय. तिथं कोणाची सुरी जात नाही, पण पाणी जातं."

"धाकटे भाऊजी असतील का सकाळी?"

"असेल. भांडायला कोणीतरी लागतंच."

तिने भाजीचे पातेले त्याच्यापुढे सरकवले, आणि तो मुकाट्याने जेवू लागला.